जिगच्या साच्यात वीडगार्डचं भोक पाडण्याआधी

औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. त्यामुळे जलपर्णीत अडकलेला जिग, म्हणजे शिशाचं डोकं ओतलेला गळ, सोडवायला पाण्यात उतरायचा प्रश्नच येत नाही. दोर तोडायचा आणि दुसरा बांधायचा. मरळ नेमकी त्याच हिरवळीच्या कडेला असते. म्हणून घरच्या साच्यातल्या उघड्या जिगला वीडगार्ड लागतो, म्हणजे गळाच्या टोकाआड येणारा नायलॉनच्या केसांचा झुबका. साच्यापुरतं बोलायचं तर काम एका भोकाचं आहे, पण अ‍ॅल्युमिनियममध्ये चुकीचं पडलेलं भोक बुजवता येत नाही. ड्रिल हातात घेण्याआधीची तयारी म्हणूनच मोठी.

पहिली तयारी साच्याची नाही, नमुन्याची. आहे त्याच साच्यातून 14 ग्रॅमची दोन डोकी ओता, नेहमीचाच 3/0 मापाचा 60 अंशांत वाकलेला जिगचा गळ घालून. नेढ्याच्या लगेच मागे, गळाच्या टोकाच्या बाजूला, दोन्हींत 1 मिमीचं भोक सारख्याच तिरक्या दिशेने पाडा. अंश मोजत बसू नका. भोकात सुई घालून ती मागे लांबवली तर गळाच्या टोकावरून 3 ते 4 मिमी अंतर ठेवून गेली पाहिजे. बहुतेक गळांत ही रेषा दांडीशी 30 अंशांच्या आसपास येते. सुई टोकाला टेकली तर गवत आधी टोकालाच भिडेल. 8-10 मिमी वर गेली तर झुबका बाजूला राहील आणि गळ खालून शेवाळ उचलत येईल. आता एका डोक्यातलं भोक 3.2 मिमीचं करा, गार्ड चिकटवा आणि जलपर्णीच्या कडेने वीस-पंचवीस वेळा ओढून बघा. जमलं नाही तर दोन डोकी वितळवायची, एवढंच नुकसान.

जमलं तर सुईवालं दुसरं डोकं साच्याच्या एका भागात ठेवायचं. सुई सांध्याच्या सपाट पृष्ठावर टेकेल आणि डोकं अर्धा मिलिमीटर उचललं जाईल. दिशा दाखवायला तेवढं चालतं. सुईच्या कडेने मार्करने रेघ ओढा आणि साच्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्या. रेघ ओतायच्या तोंडाला छेदते का, गळाच्या खाचेवर चढते का, हे इथेच बघायचं. पिनेची, म्हणजे ओतताना गार्डच्या भोकाची जागा राखणाऱ्या सळईची, वाट आणि शेजारची खाच यांत निदान 3 मिमी धातू उरायला हवा. उरत नसेल तर साचाच बदला; त्याच साच्यात कोन मुरडून भागवलेलं काम पुढे त्रास देतं.

औजारांत 2 आणि 3.2 मिमीचे नवे बिट, सेंटर पंच, दोन सी-क्लॅम्प, थोडं डिझेल आणि सपाट दगडी पट्टी एवढं जवळ हवं. उभं ड्रिल मशीन नसेल तर कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे साचा घेऊन जा. हातातल्या ड्रिलने हे भोक सरळ जात नाही, कारण ते नेमकं सांध्यावर पाडायचं असतं, अर्धं या भागात आणि अर्धं त्या भागात. दोन्ही भाग घट्ट आवळले नसतील तर बिट मऊ वाटेने सरकतो आणि एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ खाच पडते. आधी 2 मिमी, मग 3.2. दर दोन-तीन मिलिमीटरला बिट बाहेर काढून कीस झाडा आणि डिझेलचा थेंब द्या, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम बिटला चिकटून भोक रुंदावतं. शेवटी सांध्यावर उभा राहिलेला बारीक काठ दगडी पट्टीने सपाट करा. कानस लावली तर कड गोल होते, साचा मिटत नाही आणि प्रत्येक डोक्याला पातळ पापुद्रा येतो.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा असेल तर ड्रिल दूरच ठेवा. 3 मिमीच्या सळईला पॉलिश पेपर गुंडाळून दोन्ही भागांत अर्धगोल खाच घासा. त्याहून बरं म्हणजे नमुन्यातच पिन बसवून साचा नव्याने ओतणं. हा साचा हडकासारखा कोरडा हवा. आत ओल राहिली की वितळलेलं शिसं पडताक्षणी तिची वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. कोमट साच्यावर काच ठेवा. धुकं धरलं तर आणखी वाळवा. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला हे काम काढूच नये, वाळलेला साचाही हवेतली ओल ओढतो.

यानंतरची वस्तू पिन, आणि बहुतेकांचं काम इथेच अडतं. शिसं थंड होताना आकसतं आणि पिनेला घट्ट धरतं. म्हणून पोलादी पिन 3.2 मिमीची घ्या, पण पोकळीत जाणारं टोक ड्रिलमध्ये फिरवत पॉलिश पेपरने किंचित निमुळतं करा, केसभरच. बाहेरचा भाग मात्र पूर्ण जाडीचा ठेवा, नाहीतर फटीतून शिसं बाहेर येतं. शेपटी काटकोनात वाकवली की पकडीने पिळता येते. आत 6 मिमीच जावी म्हणून त्या जागी खूण किंवा छोटं कडं हवं. जास्त आत गेली तर दांडीला भिडते, तिथलं शिसं कमी पडतं आणि मोठ्या माशाच्या झटक्याने डोकं दांडीभोवती फिरू लागतं. प्रत्येक ओतण्याआधी पिनेला दिव्याची काजळी द्या, आणि शिसं गोठल्यावर पण गरम असतानाच पिळून काढा. या भोकामुळे डोकं सुमारे अर्ध्या ग्रॅमने हलकं होतं, ते गृहीत धरा.

शिसं तीस डोक्यांना 420 ग्रॅम लागतं. साच्याच्या तोंडात गोठणारं आणि मळीत (वितळलेल्या शिशावर तरंगणाऱ्या घाणीत) जाणारं धरून किलोभर वितळवा. भंगारातलं मऊ शिसं उत्तम. टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं चालतात, पण हल्ली त्यांत जस्ताचीही असतात. शिसं 327 अंशांना वितळतं, जस्त 420 च्या आसपास; भांडं 400 च्या खाली ठेवलं तर जस्ताची वजनं तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात. एकदा जस्त मिसळलं की साचा नीट भरत नाही. बॅटरीच्या प्लेटा मात्र फुकट मिळाल्या तरी नकोत, त्यांतून विषारी वायू निघू शकतात.

जागा उघडी, वारा पाठीमागून, पायात बूट, डोळ्यांवर गॉगल, हातात चामड्याचे मोजे. स्वयंपाकघरातलं भांडं यात आणलं की ते परत चुलीवर जाणार नाही. ओतकाम चालू असताना तंबाखू मळायची नाही की मिश्री लावायची नाही, कारण शिसं हातावरूनच पोटात जातं. लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नकोत. मळी झाकणाच्या डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या, विहिरीकडेला किंवा बांधावर टाकू नका.

गार्डसाठी 0.5 मिमीची साधी नायलॉन दोरी घ्या. रिळावरची वाक काढायला ती दोन खिळ्यांत ताणून वर कढत पाणी ओता आणि तशीच निवू द्या. 3.2 मिमीच्या भोकात साधारण 26 केस बसतात. ठोसून तीस बसवले तर गोंदाला जागा राहत नाही. मिरजेत सितारीच्या तारा सहज मिळतात म्हणून मोह होतो, पण बाजाची, म्हणजे मुख्य, तार 0.3 मिमीच्या आसपास असते. एकेरी लुळी पडते, आणि पोलादी असल्याने गंजतेही.

रंग आधी, गार्ड नंतर. पावडर कोटिंग भट्टीत भाजावं लागतं आणि त्या उष्णतेत नायलॉन मुरडतं. रंगाच्या वेळी भोकात पिन परत घालून ठेवा. मग अराल्डाइट, फेविक्विक नव्हे. फेविक्विक कडक होऊन झुबक्यासकट निघतं. 24 तास उभं ठेवल्यावर केस गळाच्या टोकापुढे 4-5 मिमी राहतील असे तिरके कापा. आता एकेक जिग भाजीच्या वजनकाट्यावर झुबक्याने दाबून टोक उघडं पडताना किती ग्रॅम दिसतात ते बघा. जे जास्त भरतील त्यांचे तीन-चार केस मुळाशी कापा. मरळीचा जबडा हाडाचा असतो. ताठ गार्डवर काठीचा अर्धा जोर वाया जातो आणि टोक नुसतं घासून निघतं.

धरण-तलावावर जाणार असाल तर तिथल्या मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिची परवानगी आदल्या दिवशीच काढा. कोयनेचा शिवसागर यात धरू नका, तो अभयारण्याच्या हद्दीत येतो.