नवीन डिझाइन लीड झालात? गोल शीट भरायच्या आधी हे वाचा

एप्रिलचं अप्रेझल आलं की हिंजवडी-बाणेरकडच्या ओळखीच्या डिझायनर्सचे मेसेज सुरू होतात, 'लीड झालोय, गोल काय लिहू?' स्मार्ट गोल (नेमके, मोजता येणारे, मुदत घातलेले), ओकेआर (एक उद्दिष्ट आणि ते गाठलं का हे मोजणारे निकाल) सगळ्यांना माहिती असतं, ते परत सांगत नाही.

खरी गोची अशी की आपल्याला गोल म्हटलं की स्वतःच्या हाताने करायचं कामच सुचतं. 'डिझाइन सिस्टिम (सगळ्या टीमनी वापरायच्या बटणं-फॉर्मसारख्या तयार कंपोनंटचा संच) पूर्ण करणे' वगैरे. मीही तेच लिहिलं होतं आणि मग ते पूर्ण दाखवायला रात्री ज्युनिअरच्या फिग्मा (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइलमध्ये शिरून त्याचं स्पेसिंग नीट करत बसायचे. गोल सगळे हिरवे, टीम जिथल्या तिथे, वर त्याने काम अर्धवट टाकायला सुरुवात केली, मॅडम करतातच की शेवटी! त्याचं तरी काय चुकलं?

म्हणून गोल लिहिला की बघा, मी पंधरा दिवस सुट्टीवर गेले तर हा पुढे सरकेल का? नसेल तर खोडा. 'ज्युनिअर्सना मेंटॉर करणे' असलंही नको, ते मोजणार काय डोंबल? त्यापेक्षा 'जूनअखेर चेकआउट स्क्रीनच्या डिझाइनचा रिव्ह्यू ज्युनिअर एकटा घेईल, डेव्हलपर्सना उत्तरं तोच देईल, मी कॉलवर नसेन' असं लिहा. सिस्टिमचंही तेच, कंपोनंट किती बनवले ते सोडा, बाकीच्या टीम न विचारता ते वापरतात का ते मोजा. पहिल्या रिव्ह्यूत तो अडखळणारच, तेव्हा गप्प बसणं लई जड जातं, मला अजूनही जातं, पण जमतं हळूहळू.

ओकेआर म्हणाल तर इंटेलमध्ये अँडी ग्रोव्हने रुजवलेली पद्धत गुंतवणूकदार जॉन डोअरने १९९९ मध्ये गूगलला नेली, आणि तिथे १ पैकी ०.७ स्कोअर आला तरी चांगला धरतात कारण गोलच ताणून लावलेला असतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तोच आकडा इन्क्रिमेंटला जोडतात, मग कोण कशाला ताणेल? मॅनेजरला आधीच स्पष्ट विचारा. रेटिंगला जाणार असेल तर शीटमध्ये झेपेल तेवढंच, मोठी स्वप्नं वेगळ्या डॉकमध्ये. चलाखी वाटते तर वाटू दे.

वीकेंडची लीडरशिप सर्टिफिकेटं आणि तासावर पैसे घेणारे मेंटॉर, माझ्या मते दोन्ही फुकट. ऑफिसातला एखादा खडूस इंजिनिअरिंग मॅनेजर गाठा, टपरीवर चहा पाजून गोल वाचून दाखवा, तो जिथे 'म्हणजे काय?' म्हणेल ती ओळ परत लिहा.

तिमाहीला तीनच्या वर गोल नकोत. आणि शीटच्या तळाशी एक ओळ, या तिमाहीत मी काय करणं सोडतेय. माझ्याकडे सध्या तिथे 'स्वतः आयकॉन काढणं' लिहिलंय.