पहिली-दुसरीची सहल: या चुका टाळा

सहल बिघडते ती बहुतेक वेळा आदल्या आठवड्यात, कागदावरच. एका दिवसात चार ठिकाणं लिहिली की यादी भरगच्च दिसते आणि पालकही खूश होतात. आता मिनिटं मोजा. ४० मुलं बसमधून उतरून जोडीने रांगेत उभी राहायला १० मिनिटं. स्वच्छतागृहं दोन असतील आणि एका मुलाला दोन मिनिटं लागत असतील, तर ती ४० मिनिटं. परत बसमध्ये चढायला आणखी १०. म्हणजे काहीही न पाहता तास गेला, आणि हा हिशोब दर ठिकाणी नव्याने लागतो. या वयासाठी एका दिवसात एकच ठिकाण. फार तर जवळचं एखादं मैदान, डबा खायला आणि पळायला.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे: नुसती डोकी मोजणे. गडबड होते ती अशी. सगळे बसमध्ये चढलेत, बाई मधल्या वाटेने मोजत मागे निघाल्यात. पुढच्या बाकावर मोजली गेलेली मुलगी मैत्रिणीशेजारी बसायला मागे जाते आणि पुन्हा मोजली जाते. आकडा ४० भरतो. बस सुटते. नळापाशी बाटली भरत राहिलेला मुलगा वर बघतो, तर बस नाही. आकडा जुळला म्हणून कुणी चेहरे पाहिलेच नाहीत. दारात मोजतानाही हेच होतं: आपलं एक मूल मागे राहिलं आणि तशाच रंगाच्या गणवेशातलं दुसऱ्या शाळेचं मूल आपल्या रांगेत घुसलं, तरी बेरीज बरोबर येते.

यावर उपाय एकच. पाच मुलांमागे एक मोठं माणूस, आणि ते दिवसभर बदलायचं नाही. त्याने नाव घ्यायचं, चेहरा पाहायचा, मगच ‘पाच पूर्ण’ म्हणायचं. नुसत्या ‘हजर’वर जाऊ नका, या वयाची मुलं मित्राची हजेरीही प्रेमाने देऊन टाकतात. प्रमुख शिक्षकाकडे गट द्यायचा नाही. त्यांनी आठही गटांचं ऐकायचं आणि तोवर चालकाने गाडी सुरू करायची नाही. मोजणी चढताना, उतरल्यावर, स्वच्छतागृहातून निघताना आणि डबे झाल्यावर. रांगेच्या शेवटी कायम एक मोठं माणूस हवं. इतकी माणसं मिळत नसतील तर २० मुलंच न्या, उरलेली दुसऱ्या दिवशी. ‘आजवर काही झालं नाही’ हे म्हणणं मला अजिबात पटत नाही.

जागा आधी पाहून या, आणि त्याच वारी, त्याच वेळी जा. सुट्टीचा वार, बंद दालन, कुलूपबंद स्वच्छतागृह हे सगळं तेव्हाच कळतं.

ओळखपत्रावर मुलाचं नाव ठळक नको. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की लहान मूल विश्वास ठेवतं. शाळेचं नाव आणि सोबतच्या शिक्षकांचा मोबाइल क्रमांक पुरे.

गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा, लांब बाहेर बघायला सांगा. डोळ्यांना बसचं स्थिर आतलं दिसतं आणि कानातल्या तोलाच्या अवयवाला हालचाल जाणवते, म्हणून मळमळतं. पोट उपाशी नको, ठासून भरलेलंही नको. औषध फक्त पालकांच्या लेखी संमतीने.

वीस प्रश्नांची कृतिपत्रिका देऊ नका. मुलं फलकावरची अक्षरं उतरवतात, वस्तूकडे बघतही नाहीत. संग्रहालयात पाच जणांना एका मातीच्या भांड्यासमोर बसवा आणि १० मिनिटं तिथेच थांबा. तळ काळा का? कुणीतरी म्हणेल ‘जळलं’, मग दुसरं म्हणेल ‘चुलीवर होतं’. काठ एका बाजूला झिजलेला का? उत्तर आपण लगेच सांगून टाकायचं नाही, हे शिक्षकांनाच जास्त जड जातं. मग पेन्सिलीने चित्र काढू द्या. पेन नको, बऱ्याच संग्रहालयांत चालत नाही.

परतल्यावर फाटकाशी मुलं मोकळी सोडू नका. प्रत्येक मूल पालकाच्या हाती देऊन यादीत नावापुढे खूण करा, आणि शेवटची खूण होईपर्यंत निदान दोन शिक्षक तिथे थांबा.