‘काय हुतंय त्याला?’ : घर वाढवताना परवान्याच्या या चुका टाळा

कोल्हापुरात घराचं काम निघालं की परवान्याचा विषय एका वाक्यात मिटतो: ‘काय हुतंय त्याला?’ आणि खरंच काही होत नाही. स्लॅब पडतो, वास्तुशांत होते, जेवणावळी उठतात. होतं ते दहा-बारा वर्षांनी, घर विकायला काढल्यावर.

राजारामपुरीतल्या एका ओळखीच्या घराचं तसंच झालं. गच्चीवर दोन खोल्या चढवलेल्या. गिऱ्हाईक ठरलं, इसार झाला, बँकेचा माणूस टेप घेऊन आला. मंजूर नकाशात त्या जागी नुसती गच्ची! बँकेने वरच्या खोल्या हिशोबातच धरल्या नाहीत, कर्ज कमी बसलं, गिऱ्हाईक फिरलं. मालक घरफाळ्याच्या पावत्या पुढे करत राहिले, “अहो, वरच्या मजल्याचाही भरतोय की!”

सगळ्यात मोठी चूक हीच. घरफाळा भरला म्हणजे परवाना मिळाला असं नाही. उलट महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती दरवर्षी लागू शकते, आणि ती भरली तरी बांधकाम नियमित होत नाही. लाइटच्या मीटरचंही तेच. तो वीज पोचल्याचा पुरावा, बाकी कशाचा नाही.

दुसरी चूक गॅलरीची. बाहेर आलेली गॅलरी चार इंची विटांनी बंद करून खोली मोठी करायची, गवंडी म्हणतो, “मालक, दोन दिवसांचं काम.” हिशोब करून बघा. नऊ फूट उंचीची तेवढी भिंत, गिलाव्यासकट, फुटाला साधारण दोनशे किलो भरते. दहा फुटांची गॅलरी म्हणजे दोन टन, तेही अधांतरी टोकावर. अशा स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. म्हणून पहिली चीर वरून, घराच्या मूळ भिंतीच्या कडेने पडते, आणि ती आपण टाईल्सखाली झाकून टाकतो. एवढ्या एका कामासाठी तरी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. रंग, गिलावा, फरशी यांना परवाना लागत नाही. कॉलम, बीम, वाढीव खोली, जिना, पार्किंगच्या जागेत काढलेला गाळा यांना लागतो.

अपार्टमेंटमध्ये सोसायटीचं ना-हरकत पत्र मिळालं की लोक निर्धास्त होतात. ती शेजाऱ्यांची संमती असते, महापालिकेची परवानगी वेगळी. शहराला लागून उचगाव, पाचगावसारख्या ठिकाणी बांधत असाल तर नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर जाऊ नका. आजूबाजूच्या ४२ गावांसाठी २०१७ पासून वेगळं विकास प्राधिकरण आहे, तिथे विचारा.

पंचगंगेकाठी गोष्ट आणखी अवघड. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर अनेकांनी सामान ठेवायला वर मजला चढवला. त्यामागची भीती मला कळते, पण आधी विकास आराखड्यावर आपली जागा पुराची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेच्या आत आहे का त्यापलीकडच्या लाल रेषेच्या, ते बघा. निळ्याच्या आत नवं काम जवळजवळ बंदच. दोन्हींच्या मधे असाल तर जोत्याच्या उंचीच्या अटी येतात.

बांधून झालंच असेल तर? नगररचना विभागातून मंजूर नकाशाची नक्कल काढा. सरळ मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. परवानाधारक इंजिनिअरकडून आहे तसं घर मोजून घ्या. चटईक्षेत्र (जागेवर किती बांधता येतं ती मर्यादा) आणि सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) यांच्या नियमात बसत असेल तर शुल्क भरून नियमित करून घेता येतं.

नोटीस आली तर कपाटात टाकू नका. नगररचना कायद्याच्या कलम ५३ च्या नोटिशीनंतरही मुदतीच्या आत बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. लेखी द्या आणि पोहोच घ्या. ‘साहेबांना भेटून आलो’ हे नंतर कुणी ऐकत नाही.

राजारामपुरीच्या त्या घराचा नवा नकाशा परवा तयार झाला. एक खोली नियमात बसली. दुसरी शेजारच्या हद्दीकडच्या मोकळ्या अंतरात येते. पाडायचा भाग नकाशावर पिवळ्या रेघांनी दाखवतात. मालकांनी बराच वेळ त्या रेघांवर बोट फिरवलं आणि विचारलं, “ह्यात देवघर येतंय का हो?” येत होतं.