वाडीतला रक्तदाब गट कसा चालवावा

कोकणातल्या अनेक घरांत आज म्हातारी माणसेच राहतात आणि मुले मुंबईला असतात, त्यामुळे रक्तदाबाची गोळी रोज घेतली जाते की नाही, हे पाहायला घरात कोणी नसते. महिन्यातून एकदा जमून रक्तदाब मोजणाऱ्या आणि गोळ्यांची चौकशी करणाऱ्या वाडीतल्या गटाने ही उणीव भरून काढायची आहे. नुसते आकडे टिपून ठेवले तर कोणाचाच रक्तदाब आटोक्यात येत नाही.

गट सुरू करताना आशाताई आणि उपकेंद्रातील परिचारिका यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला जे मोजके जिल्हे घेतले, त्यांत सिंधुदुर्ग होता. ठरलेली औषधयोजना, महिनाभराच्या गोळ्या एकदम देणे आणि न आलेल्या रुग्णाला शोधून परत आणणे ही त्याची पद्धत वाडीच्या पातळीवरही तशीच लागू पडते.

महिन्यातून एक ठरलेला दिवस व ठरलेली पडवी असावी. चढण चढून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधू नये. पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसवावे. अर्ध्या तासात चहा, तंबाखू झालेला नसावा आणि लघवीला जाऊन आलेले असावे. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत बांधावा, मापताना बोलू नये आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात. वयस्कर माणसाचा रक्तदाब उभे करूनही पाहावा, कारण वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरत असेल, तर अंगणात चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो आणि ते डॉक्टरांना कळायलाच हवे. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हापुन्हा आला, तरी निदान आणि औषध डॉक्टरांनीच ठरवावे.

यानंतर गोळ्यांची पाकिटे मागून घ्यावीत. आमच्याकडे एका आजींनी पदराच्या गाठीतून अर्ध्या मोडलेल्या चार गोळ्या काढून दाखवल्या होत्या; ‘प्रेशर उतरला, म्हणून अर्धीच घेते,’ असे त्यांनी सांगितले. गोळी चालू आहे म्हणूनच तो उतरलेला असतो, ही गोष्ट दर महिन्याला, न कंटाळता सांगावी लागते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही रक्तदाब चढतो, म्हणून त्यांची चौकशी आवर्जून करावी.

मिठाबद्दल बोलताना नुसते ‘मीठ कमी करा’ म्हणून भागत नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण चहाच्या सपाट चमचाभराच्या आत, ही मर्यादा लोणचे, पापड, खारवलेला बांगडा आणि मिठाचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस) यांतच संपते. सुकी मासळी आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकावे, आमटीत वेगळे मीठ घालू नये आणि पेजेबरोबर लोणच्याऐवजी ताजी भाजी घ्यावी.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा छातीत कळ येणे, असे काही दिसल्यास पुढच्या बैठकीची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आमच्या अनुभवात गट मोडतो तो पावसाळ्यात. वहाळ भरतात, लावणीची गडबड असते, आणि गोळ्या संपल्या तरी कोणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जात नाही. म्हणून मे महिन्यातच केंद्राशी बोलून जादा गोळ्यांची सोय करून घ्यावी. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी जे आले नाहीत त्यांची नावे वहीत वेगळी लिहून, आठवड्याच्या आत प्रत्येकाच्या घरी गटातल्या कोणी तरी यंत्र घेऊन जावे.