चार कोटी अंकी मूळ संख्या न लिहिता कशी तपासावी?

२चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. अमेरिकेच्या ल्यूक ड्युरँट यांना ही मूळ संख्या सापडल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा ज्ञात मूळ संख्यांत ती सर्वांत मोठी होती. ती लिहून काढायची गरजच नाही.

आधी अंक मोजा. २चा लॉग ०.३०१०२९९९५६६४. त्याने घातांकाला गुणा, ४,१०,२४,३१९.९४५ येतात. पूर्णांकात १ मिळवला की अंकांची संख्या मिळते: ४,१०,२४,३२०. लॉग टेबलातला ०.३०१०३ वापराल तर एक अंक जास्तीचा येईल. इतक्या मोठ्या घातांकापुढे पाच दशांश स्थळे पुरत नाहीत. उरलेल्या ०.९४५चा अँटिलॉग ८.८१, म्हणजे संख्येची सुरुवात ८८ने.

मग शेवटचा अंक. २चे घात २, ४, ८, ६ याच क्रमाने संपतात. घातांकाला ४ने भागून बाकी १, म्हणून घात २ने संपतो आणि आपली संख्या १ने.

आता खरी परीक्षा. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यावर भागत नाही: ११ मूळ आहे, तरी २चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. इथे लुका-लेमर कसोटी लावतात. ४पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी फेऱ्या झाल्यावर शून्य उरले तर संख्या मूळ, नाहीतर नाही. (घातांक २ असेल तर ही कसोटी लागू नाही.)

घातांक ७ घेऊन १२७ तपासू. भागाकार टाळायची युक्ती अशी: १२७ऐवजी १२८ने भागा आणि भागाकार व बाकीची बेरीज करा. पहिल्या फेरीत १४. दुसरीत १९४, म्हणजे १ + ६६ = ६७. तिसरीत ४४८७, म्हणजे ३५ + ७ = ४२. चौथीत १७६२, म्हणजे १३ + ९८ = १११. पाचवीत १२३१९, म्हणजे ९६ + ३१ = १२७, अर्थात शून्य. १२७ मूळ! संगणकाला तर १२८ने भागणे म्हणजे शेवटचे सात बिट तोडणे, बस्स. या कसोटीचा वेग काही अंशी त्यातून येतो. एदुआर लुका यांनी १८७६ मध्ये अशाच घाटणीच्या पद्धतीने २चा १२७वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली, तीही संगणकाशिवाय.

ड्युरँट यांच्या संख्येला १३,६२,७९,८३९ फेऱ्या लागतात. आधी डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरने ती ‘बहुधा मूळ’ असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या यंत्राने लुका-लेमरने शिक्कामोर्तब केले.

सरावाला २०४७ घ्या. नऊ फेऱ्यांनंतर १७३६ उरले पाहिजेत. संख्या मूळ नाही एवढे त्यावरून पक्के होते. २३ आणि ८९ मात्र कसोटी सांगत नाही, ते वेगळे शोधावे लागतात.