लेकीसाठी अमेरिकेतलं शहर निवडताना

लेकीला ह्यूस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्कहून नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा कोथरूडच्या घरात आम्ही नकाशा उघडून बसलो. पगाराआधी एवढं बघा: गाडीवाचून जगता येईल का? न्यूयॉर्कची सबवे, म्हणजे शहरातली मेट्रो, २४ तास धावते. तिथल्या क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्सला उतरलं की बंगाली, नेपाळी, स्पॅनिश एकाच फुटपाथवर कानी पडतात. विविधता अशी शेजारात मोजा. ह्यूस्टनही खूप मिश्र, पण अफाट पसरलेलं. तिथे घर घेताना २०१७ च्या हार्वे वादळातला पूर आठवा आणि पूररेषा तपासाच. १९६१ चा पानशेत धरणफुटीचा पूर आम्ही पुणेकर विसरत नाही. शिकागोत थंडी कडक, पण मिशिगन सरोवराकाठची सुमारे २९ किलोमीटरची वाट सगळ्यांना खुली. लेकीने तेच निवडलं.