मेपलच्या पानांवरचे डांबरी ठिपके: फवारणीआधी पाचोळा उचला

न्यू जर्सी, मिशिगन किंवा टोरांटोच्या वस्त्यांत ऑगस्ट उजाडला की मेपलच्या पानांवर काळे, चकचकीत ठिपके दिसू लागतात, जणू रस्ता करताना डांबर उडालंय. हा रोग ऱ्हायटिस्मा नावाच्या बुरशीचा. तिकडे त्याला टार स्पॉट म्हणतात. मोठं झाड यानं मरत नाही. फार तर पानं थोडी लवकर गळतात. म्हणून घाबरून झाड तोडू नका आणि ऑगस्टमध्ये औषध मारण्यात पैसेही घालवू नका.

आधी खात्री करा. जूनमध्ये पानावर फिकट पिवळा डाग येतो आणि जुलै-ऑगस्टपर्यंत त्यावर काळा थर चढतो. बोट फिरवलं की सुरकुतलेला उंचवटा लागतो. ओल्या फडक्यानं काळेपण पुसलं गेलं, तर ती माव्याच्या चिकट्यावर वाढलेली काजळी आहे, हा रोग नव्हे. पानाच्या शिरांलगत तपकिरी चट्टे असतील, तर तो अँथ्रॅक्नोज, म्हणजे दुसरा बुरशीजन्य पानरोग. आणि भर उन्हाळ्यात एखादीच फांदी सुकली, साल सोलल्यावर आत हिरवट-करड्या रेघा दिसल्या, तर ती व्हर्टिसिलियम मर, म्हणजे मातीतल्या बुरशीनं झाड सुकवणारा रोग असू शकतो. तिथे मात्र वेळ न दवडता प्रमाणित झाड-तज्ज्ञाला बोलवा.

झाड कोणतं हेही पाहा. पानाचा देठ मोडा: दुधासारखा पांढरा चीक आला तर तो नॉर्वे मेपल. शुगर मेपलचा रस पाण्यासारखा असतो. डच एल्म नावाच्या बुरशीजन्य रोगानं रस्त्याकडेचे एल्म वृक्ष गेले, तेव्हा त्यांच्या जागी नॉर्वे मेपल भरमसाट लावले गेले. त्यांच्यावरचे ठिपके मोठे, दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत असतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक ठिपक्यांचा पुंजका ही त्याच कुळातली दुसरी बुरशी. उपाय दोन्हींना एकच.

तो उपाय बुरशीच्या वर्षभराच्या फेऱ्यात दडलेला आहे. ती फांदीत किंवा खोडात राहत नाही, तर गळलेल्या पानातच थंडी काढते. वसंतात, नवी पालवी फुटते नेमकं तेव्हा, ओलाव्यानं काळा थर भेगाळतो आणि चिकट बीजाणू वाऱ्यानं कोवळ्या पानांवर जाऊन बसतात. वर्षात लागण एवढी एकदाच. उन्हाळ्यात ठिपक्यावरून नवा ठिपका होत नाही.

म्हणजे खरं काम पानगळीत. नॉर्वे मेपलची पानं उशिरा, साधारण दिवाळीच्या आगेमागे गळतात, त्यामुळे एकदा झाडून भागत नाही. शेवटचं पान पडल्यावर पुन्हा दंताळं फिरवा. कुंपणाच्या कडा, झुडपांची बुडं आणि पन्हळी विसरू नका. पानं कागदी पिशव्यांत भरून नगरपालिकेच्या गाडीत द्या.

घरच्या कंपोस्टवर भिस्त ठेवू नका. ढीग किमान ५५ अंश सेल्सिअसला सलग तीन दिवस तापला आणि उलथवून बाहेरची पानंही आत गेली, तरच बुरशी मरते. नुसत्या पानांचा ढीग एवढा तापत नाही. तो ठेवायचाच असेल, तर कळ्या फुटण्याआधी उलथवून मातीनं झाका. गवत कापायच्या यंत्रानं (मोवरनं) पानांचा चुरा केल्यानं बीजाणू कमी होतात, संपत नाहीत.

शेजाऱ्यांशी बोला. तुमचं अंगण लख्ख आणि पलीकडे पाचोळा तसाच, तर बीजाणू तिकडून येणारच. गल्लीनं मिळून एका शनिवार-रविवारी पानं उचलली, तर फरक पडतो. तरीही वसंतात पाऊस लांबला तर ठिपके दिसतील.

ताम्रयुक्त बुरशीनाशक फक्त लहान, शोभेच्या झाडासाठी. लेबलवर मेपल आणि हा रोग लिहिलेला असावा, मात्राही लेबलवरचीच. पहिली फवारणी कळ्या उघडताना, मग ७ ते १४ दिवसांच्या अंतरानं आणखी दोन. ठिपका दिसल्यावर मारलेलं औषध वाया जातं. मोठ्या झाडाचा शेंडा गाठायला यंत्र लागतं, आणि तांबं मातीत साठत राहतं.

झाडाला ताकद द्या: कोरड्या आठवड्यात इंचभर पाणी, बुंध्याभोवती २ ते ४ इंच आच्छादन, पण खोडाला टेकवू नका. तुषार सिंचनाचं पाणी पानांवर पडू देऊ नका, विशेषतः वसंतात. नवं झाड लावताना नॉर्वे मेपल टाळा. तो आक्रमक आहे, म्हणजे आपोआप पसरून स्थानिक झाडांची जागा घेतो. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये त्याच्या विक्रीला बंदी आहे.